खान्देशात आय-ट्रॅकर घेऊन येण्यापूर्वी

विचारणाऱ्या ताई मूळच्या चोपड्याच्या असून जर्मनीतील एका विद्यापीठात भाषाविज्ञानात पीएच.डी. करीत आहेत. तेथील प्रयोगशाळेचा सोबत नेता येणारा आय-ट्रॅकर, म्हणजे माणसाची नजर कोठे जाते ते टिपणारे यंत्र, घेऊन त्या पाच आठवड्यांसाठी जळगाव-धुळे भागात येणार आहेत. वाक्यातील लिंगाच्या खुणेवरून ऐकणाऱ्याला पुढचे नाम आधीच उमगते का, हे त्यांना मराठी आणि अहिराणी भाषकांच्या नजरेवरून तपासायचे आहे. शिवाय ‘रामाने आंबा खाल्ला’ यासारख्या ‘ने’ प्रत्ययाच्या वाक्यांचा वाचनप्रयोगही करायचा आहे. किती माणसे घ्यावीत, कोणता महिना निवडावा, जागा कशी असावी आणि काय बिघडू शकते, असे त्यांनी विचारले आहे.

मी हे काम गेली चौदा वर्षे करीत आहे. त्यातले काही महिने युरोपातील प्रयोगशाळेत गेले, बाकीचा बहुतेक काळ जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत. त्या अनुभवावरून सांगते, की दोनपैकी एकच प्रयोग करा, आणि तो ऐकण्याचा करा. दुसरी गोष्ट अशी, की पाच आठवड्यांतला पहिला पूर्ण आठवडा यंत्र पेटीतून न काढता शब्दांसाठी द्या. हे दुसरे म्हणणे तुमच्या मार्गदर्शकांना पटवणे कठीण जाईल, म्हणून त्याची कारणे मी खाली सविस्तर देत आहे.

आधी दिवसांचा हिशेब करू. पाच आठवडे म्हणजे कामाचे साधारण पंचवीस दिवस. पहिले पाच शब्दांसाठी, त्यानंतरचे तीन यंत्र जुळवण्यासाठी आणि चार-सहा माणसांवर चाचणी घेण्यासाठी, आणि शेवटचे दोन राखीव ठेवले, तर पंधरा दिवस उरतात. समजावून सांगणे, संमती, कॅलिब्रेशन (यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेणे), प्रत्यक्ष प्रयोग आणि चहा मिळून एका माणसाला तासभर लागतो. दिवसाला पाचपेक्षा अधिक माणसे घेतली, की शेवटच्या दोघांच्या वेळी प्रयोग घेणारी व्यक्तीच थकलेली असते आणि तिचे कॅलिब्रेशन ढिले पडते. म्हणजे फार तर पंचाहत्तर बैठका. त्यातल्या काहींत माणूस येत नाही, काहींत डोळा यंत्राला नीट सापडत नाही, काही अर्ध्यावर थांबतात. हाती साठ चांगल्या नोंदी आल्या, तर काम उत्तम झाले असे समजा. मार्क ब्रिसबार्ट आणि मायकेल स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये प्रतिसादकाळाच्या प्रयोगांसाठी प्रत्येक प्रकारामागे सुमारे १,६०० निरीक्षणे असावीत, असे सुचवले होते. उदाहरणार्थ ४० माणसे आणि प्रत्येकी ४० वाक्ये. तो आकडा नजरेच्या प्रयोगांना जसाच्या तसा लागू करू नये, पण अंदाजासाठी तो पुरेसा आहे. दोन भाषकगट आणि दोन प्रयोग या साठ माणसांत बसत नाहीत. दोन गट आणि एक प्रयोग जेमतेम बसतो.

ऐकण्याचाच प्रयोग का, याचे कारण खान्देशातच आहे. अहिराणी बोलणारी, विशेषतः साठीच्या पुढची माणसे देवनागरी वाचतात ती मराठी म्हणून वाचतात, आणि काही वाचतच नाहीत. वाचनप्रयोगात तुम्हाला मिळेल ती त्यांची शाळेतली मराठी. घरातली भाषा मिळणार नाही. २०११च्या जनगणनेने खान्देशी (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनीही भारतीय भाषांच्या पाहणीत, १९०७ मध्ये निघालेल्या खंडात, खान्देशीची नोंद भिल्ल भाषांबरोबर केली होती, मराठीखाली केली नव्हती. त्या वर्गीकरणाशी आपण सहमत असू वा नसू, अहिराणीला मराठीचे बिघडलेले रूप समजून प्रयोग आखता येत नाही, एवढे निश्चित. ऐकताना चित्रे पाहण्याच्या पद्धतीला अक्षरओळख लागत नाही. रॉजर कूपर यांनी १९७४ मध्येच दाखवले होते, की माणूस बोलणे ऐकताना त्या बोलण्यातल्या वस्तूंकडे आपोआप पाहत जातो. मायकेल टॅननहाउस आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या निबंधानंतर ही पद्धत सर्वत्र रुळली. लिंगाच्या बाबतीत ल्यू-विल्यम्स आणि फर्नाल्ड यांचे २००७ चे काम तुम्हाला माहीत असेलच: स्पॅनिश ही पहिली भाषा म्हणून शिकणारी सुमारे तीन वर्षांची मुलेसुद्धा नामाआधीच्या उपपदावरून (लिंगानुसार बदलणारे ‘एल’, ‘ला’ यांसारखे छोटे शब्द) योग्य चित्राकडे लवकर वळतात.

आता शब्दांचा मुद्दा. स्पॅनिशमध्ये उपपद नामाच्या लगेच आधी येते. मराठीत उपपद नाही, म्हणून लिंगाची खूण विशेषणावर किंवा ‘माझा, माझी, माझं’ यासारख्या शब्दावर येते, आणि ती शब्दाच्या शेवटच्या स्वरात असते. ‘पिवळी पिशवी’ असे वाक्य घेतले, तर ‘ळी’ संपते न संपते तोच ‘पि’ सुरू होतो. डोळ्याची एक उडी आखून सुरू व्हायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे खूण ऐकून डोळा हलेपर्यंत नाम निम्मे उच्चारून झालेले असते, आणि माणसाने आधी ओळखले की नाम ऐकून ओळखले, हे वेगळे करता येत नाही. यावर उपाय मराठीतच आहे. खूण आणि नाम यांच्यामध्ये न बदलणारे विशेषण घाला. ‘लाल’, ‘गोल’, ‘सुंदर’ ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत. ‘माझी लाल टोपी कुठे आहे?’ या वाक्यात ‘माझी’च्या शेवटच्या ‘ई’पासून ‘टोपी’च्या सुरुवातीपर्यंत ‘लाल’एवढा अवकाश मिळतो. पडद्यावर चारही वस्तू लाल ठेवा: टोपी, फेटा, टमाटा, फूल. त्यांत स्त्रीलिंगी एकच. ‘लाल’ ऐकू येत असतानाच नजर टोपीकडे गेली, तर ती लिंगावरूनच गेली. विश्लेषणाची खिडकीही, म्हणजे ज्या काळातली नजर मोजायची तो काळ, ‘माझी’च्या आरंभापासून उघडू नका, तिच्या अंत्य स्वरापासून २०० मिलिसेकंदांनी उघडा. प्रत्येक ध्वनिफितीत तो स्वर कोठे आहे, हे हाताने मोजावे लागते. त्याला दोन दिवस लागतात आणि ते वाचवू नयेत.

अहिराणीसाठी हेच वाक्य ‘मनी लाल टोपी कोठे शे?’ असे होईल. ‘मना’ आणि ‘मनी’ यांतला भेद कानाला स्वच्छ ऐकू येतो. माझ्यावर सोपवले, तर मी अहिराणी गटासाठी पुल्लिंग आणि स्त्रीलिंग या दोनच लिंगांवर प्रयोग उभा करीन आणि तुलनेसाठी मराठी गटातही नपुंसकलिंगी लक्ष्यशब्द (ज्या वस्तूकडे नजर जायला हवी तिची नावे) वगळीन.

यानंतर चित्रांची नावे. पहिल्या आठवड्यात तुमची सगळी चित्रे कागदावर छापून घ्या आणि प्रयोगात येणार नाहीत अशा पंधरा-वीस माणसांना दाखवा. नाव सांगा, असे म्हणू नका. ‘हे तुमचे आहे असे समजून सांगा’ असे म्हणा. म्हणजे ते ‘माझा’, ‘माझी’ किंवा ‘माझं’ लावून बोलतील आणि नावाबरोबर लिंगही कळेल. तुम्ही ज्याला पिशवी म्हणता त्याला येथे बहुतेक जण थैली म्हणतील. एकाच भांड्याच्या चित्राला कुणी घागर, कुणी कळशी, कुणी हंडा म्हणेल, आणि तिसऱ्या नावाने लिंगच बदलेल. पेनच्या चित्राला माझ्याकडच्या वीस माणसांनी ‘माझा पेन’, ‘माझं पेन’ आणि ‘माझी पेन’ अशी तिन्ही उत्तरे दिली होती. अशी वस्तू ताबडतोब काढून टाकावी. ज्या चित्राला वीसपैकी अठरा जणांनी एकाच लिंगाचे एकच नाव दिले, तेच ठेवा. शंभर चित्रे आणली, तर पन्नास-साठ उरतील. ती यादी युरोपात बसून तयार करता येत नाही, आणि शब्दकोशावरून तर मुळीच नाही.

ध्वनिमुद्रण कोणाच्या आवाजात करायचे, हाही प्रश्न आहे. रावेर, यावल, भुसावळकडच्या लेवा बोलीत आणि अहिराणीतही ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. पुण्याच्या निवेदिकेने ‘माझी गोल थाळी’ असे म्हटले, तर येथल्या माणसाला अर्थ कळतो, पण कान ताठ होतो, माणूस सावरून बसतो आणि आपली परीक्षा चालली आहे असे समजून डोळे पडद्याच्या मधोमध रोखून धरतो. मी एकदा नेमकी हीच चूक केली. शहरी आवाजातल्या ध्वनिफिती घेऊन बावीस माणसांच्या नोंदी घेतल्या आणि परिणाम जवळजवळ शून्य आला. पुढे त्याच भागातल्या एका शिक्षिकेच्या आवाजात तीच वाक्ये मुद्रित केली, ‘ळ’ असलेले शब्द टाळले, तेव्हा नजर मोकळी फिरू लागली. म्हणून दोन्ही गटांसाठी आवाज याच भागातला घ्या, आणि शक्य असल्यास दोन्ही भाषा सहज बोलणारी एकच व्यक्ती घ्या.

सूचना कोणत्या भाषेत दिल्या जातात, यालाही तेवढेच महत्त्व आहे. अहिराणी गटाच्या बैठकीत दारापासून निरोपापर्यंत अहिराणीच बोलली गेली पाहिजे. ‘आजी, आठे बठ’ म्हणणारी सहायक आणि ‘आजी, इथे बसा’ म्हणणारी सहायक यांच्यासमोर एकच आजी दोन निराळ्या भाषांत ऐकायला बसते. तुमची स्वतःची अहिराणी कच्ची असेल, तर सूचना देण्याचे काम सहायकाकडे सोपवा आणि तुम्ही यंत्रापाशी बसा. प्रत्येकाला भाषेची माहिती विचारताना ‘मातृभाषा कोणती’ या एका प्रश्नावर थांबू नका. आईशी, नवऱ्याशी किंवा बायकोशी, नातवंडांशी, बाजारात आणि दवाखान्यात कोणती भाषा, असे वेगवेगळे विचारा. बहुतेक माणसे दोन्ही भाषांत राहतात, आणि विश्लेषणात हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते.

यंत्राच्या बाजूने येथे घडणाऱ्या काही गोष्टी तुमच्या प्रयोगशाळेत कोणी सांगणार नाही. पारोळा तालुक्यातली सत्तरीची एक आजी हनुवटी टेकवून छान बसली होती. कॅलिब्रेशन उत्तम झाले, सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आत, म्हणजे ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर सुमारे अर्धा सेंटिमीटर. प्रयोग सुरू झाला आणि प्रत्येक वाक्याला तिने ‘हं’ म्हटले. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा, ही तिची आयुष्यभराची रीत. प्रत्येक ‘हं’बरोबर जबडा खाली जाई, डोके हले आणि बाहुली कॅमेऱ्यातून निसटे. बोलू नका असे सांगितल्यावर ती गप्प झाली खरी, पण पाहणेही थांबले. तेव्हापासून मी वयस्क माणसांसाठी हनुवटीचा टेकू वापरत नाही. कपाळावर खुणेची छोटी चिकटपट्टी लावून डोके मोकळे ठेवण्याची सोय तुमच्या यंत्रात असेल, तर ती वापरा. मोजण्याचा वेग कमी होतो, पण या प्रयोगाला सेकंदाला ५०० नोंदी भरपूर होतात. मात्र ती पट्टी टिकलीच्या जागेजवळ येते, हे ध्यानात ठेवा. विधवा बाईच्या कपाळावर तुम्ही न विचारता काही चिकटवायला गेलात, तर ती बोलणार नाही, पण तिला काय वाटेल याचा विचार करा. पट्टी आधी हातात द्या, कशासाठी ते सांगा, आणि भुवईच्या वर बाजूला तिची तिला लावू द्या.

उत्तर म्हणून बोट दाखवायला सांगू नका, कारण हात कॅमेऱ्याच्या आड येतो. वाक्य संपल्यावर ‘दिसली’ एवढे म्हटले तरी पुरे. काजळ आणि मस्कारा यांचा काळेपणा यंत्राला बाहुलीसारखा वाटतो. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून काजळ न घालता या, असे सांगावे, समोर बसवून पुसायला लावू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बसवलेल्या भिंगामुळे कधी जादा चकाकी येते. अशा वेळी दुसरा डोळा निवडा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यांनी मात्र मला नेहमीच त्रास दिला आहे. आपल्या गडद डोळ्यांबद्दल तुमच्याकडे कोणी शंका काढली, तर काळजी करू नका: अवरक्त प्रकाशात गडद तपकिरी बुबुळही उजळ दिसते आणि काळी बाहुली त्यावर स्पष्ट उठून दिसते.

उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून खोली उत्तराभिमुख किंवा जाड पडद्यांची हवी. शाळेची खोली मिळाली, तर सकाळी दहाला ऊन कोठे असते आणि दुपारी तीनला कोठे, हे आदल्या दिवशी तेथे थांबून पाहा. यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर चालवा आणि पंख्याचा आवाज हेडफोनमधून किती ऐकू येतो, ते स्वतः तपासा.

महिना जानेवारीचा घ्या, संक्रांत झाल्यावर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, घामाने पट्टी सुटते आणि पंख्याशिवाय कोणी तासभर बसू शकत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे त्या दिवसांत एका बाईला तासभर बसवणे म्हणजे तिची त्या तासाची कमाई बुडवणे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात महाविद्यालयांत परीक्षांची धावपळ सुरू होते. मानधन निम्म्या दिवसाच्या मजुरीहून कमी देऊ नका, आणि कॅलिब्रेशन जमले नाही तरी पूर्ण द्या. डोळा यंत्राला सापडला नाही, हा त्या माणसाचा दोष नव्हे.

यापेक्षाही जपायची एक गोष्ट आहे. गावात डोळ्यांचे यंत्र आले, की लोक त्याला नेत्रतपासणीचे शिबिर समजतात. धुळे जिल्ह्यातल्या एका गावी सकाळी आठलाच तीस माणसे ओसरीवर बसलेली होती, आणि प्रयोग संपल्यावर एका बाबांनी मला विचारले, ‘ताई, मना डोयाना नंबर कितला शे?’ संमतिपत्र त्यांना वाचून दाखवले होते, त्यांनी अंगठाही दिला होता, तरी त्यांचा समज तसाच राहिला होता. तेव्हापासून माझे पहिले वाक्य हेच असते, की ही तपासणी नाही, यातून तुमच्या डोळ्यांबद्दल काही कळणार नाही आणि औषध मिळणार नाही. ते वाक्य त्यांच्या तोंडून परत वदवून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची संमती साक्षीदारासमोर तोंडी घेऊन मुद्रित करा, आणि चेहऱ्याचे चित्रण साठवले जात नसेल, तर तेही सांगा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिक समितीची मान्यता आणि येथील एखाद्या संस्थेच्या समितीची मान्यता, अशा दोन्ही घ्या. येथल्या मान्यतेसाठी किमान तीन महिने आधी अर्ज करा. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, तर प्रश्न नाही. परदेशी सहकारी सोबत येणार असतील, तर त्यांना पर्यटक व्हिसावर संशोधन करता येत नाही, आणि ओसीआय कार्डधारकांनाही (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांनाही) संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. यंत्र प्रयोगशाळेचे असून परत जाणार आहे, असे पत्र अनुक्रमांकासह सोबत ठेवा, आणि लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा.

तरीही वाचनाचा प्रयोग करायचाच असेल, तर जळगावातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुरता, मराठी गटातच आणि पुढच्या फेरीत करा. त्या वेळी वाक्ये मजकूर म्हणून न देता प्रतिमा करून द्या, कारण प्रयोगाच्या आज्ञावलीत जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी तुटण्याचा धोका असतो. प्रत्येक वाक्य एकाच ओळीत बसवा, आणि शब्दाची लांबी अक्षरसंख्येत न मोजता पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मोजा. ‘क्षि’ हे एक अक्षर संगणकाच्या हिशेबी चार चिन्हांचे असते.

राखीव ठेवलेल्या शेवटच्या दोन दिवसांसाठी आधीपासून माणसे ठरवून ठेवू नका. वाक्यांच्या चार याद्या असतील आणि प्रत्येक माणसाला त्यांतली एकच दिली असेल, तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक यादीला किती चांगल्या नोंदी मिळाल्या ते मोजा, आणि जी यादी मागे पडली असेल तिच्यासाठी हे दोन दिवस वापरा. मूळ नोंदींच्या दोन प्रती करा आणि एक तुमच्या सामानात, एक चोपड्याला घरी ठेवा. प्रत्येक बैठकीत कोणते वाक्य चालू असताना दारावर थाप पडली, कोणी खोकले, कोणाची पट्टी सुटली, हे लिहिलेली कागदी वही मात्र विमानात स्वतःजवळच ठेवा.